पाण्यात ठेवलेला माणूस

दसरा जवळ आला की माझ्या घरात एक वास येतो. दुसऱ्या कुणाला तो येत नाही. सुनेनं मोरी घासून पाहिली, नातवानं कोनाडे हुंगले, आणि शेवटी माझ्या वयाकडे बोट दाखवून सगळे मोकळे झाले. मला मात्र तो वास ओळखीचा आहे. कुजत घातलेल्या अंबाडीचा वास आहे तो. आता वऱ्हाडात अंबाडी भिजत घालतो तरी कोण! दोर नायलॉनचे झाले. पण माझ्या तरुणपणी, पावसाची झड संपून नदीनाल्यांचं पाणी निवळलं की प्रत्येक डोहात अंबाडीच्या पेंढ्या दगडाखाली दाबून ठेवलेल्या दिसत. साल कुजून सुटायची, मग ती ओढायची, दगडावर आपटायची, धुवायची, की दोर वळायचा पांढराशुभ्र लांब वाख हातात यायचा. त्या वासात आम्ही जेवायचो, झोपायचो. त्याची कधी किळस वाटली नव्हती. वाटू लागली ती एका अश्विनापासून.

मी वैद्य आहे. जन्म अकोटचा, धंदा अकोल्यात केला आणि म्हातारपणी मुलाच्या नोकरीपायी अमरावतीला आलो. वैद्यकी मी याच गावात शिकलो होतो. इथं आता मेडिकल कॉलेज झालंय. तिथले एक प्राध्यापक दर वर्षी याच दिवसांत मला एका तासासाठी घेऊन जातात. डॉक्टर होणाऱ्या मुलांना देशी औषधांचीही थोडी ओळख असावी, असं त्यांना वाटतं. पांढऱ्या कोटातली ती मुलं आदरानं ऐकतात, थोडी आपसांत हसतात, आणि शेवटी कुणीतरी विचारतंच, "आजोबा, याला पुरावा काय?" मला राग येत नाही. प्रश्न चांगला आहे. तो पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी या मुलांहूनही लहान होतो.

या वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. तिनं वेगळंच विचारलं. "तुमच्या काळच्या वैद्यांना माणूस आतून माहीत असायचा का? तुम्ही स्वतः कधी पाहिलंय?"

"पाहणार होतो," मी म्हणालो. "राहून गेलं."

पुढे हिरडा-बेहड्यावर काय बोललो ते आठवत नाही. त्या बंद, फिनेलनं पुसलेल्या वर्गात मला अंबाडीचा वास येऊ लागला होता.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, आणि सरकार नागपूरला बसायचं. आमची वैद्यकशाळा एका धर्मशाळेच्या मागच्या ओवऱ्यांत भरायची. आज ती शाळा नाही, धर्मशाळाही नाही. पावसाळ्यात ओवऱ्या गळत, तेव्हा आम्ही पोथ्या पोटाशी धरून भिंतीला टेकत असू. कोपऱ्यात खल, वर टांगलेल्या गुळवेलीच्या जुड्या, आणि सगळ्या कपड्यांना काढ्याचा कडू वास. शल्याचा आणि शरीराचा भाग शिकवायला शास्त्रीबुवा होते. उंच, देवीचे वण असलेला चेहरा, आवाज खर्जातला. अध्यायच्या अध्याय त्यांना मुखोद्गत होते. शिरा कुठून निघते, मर्म कुठं असतं, सांधा कसा बसतो, सारं ते डोळे मिटून सांगत. आणि सांगून झालं की कधीकधी खिन्न होऊन म्हणत, "न पाहिलेल्या गावची वाट सांगतोय रे मी तुम्हाला."

दर गुरुवारी मोठ्या दवाखान्यातले पानसे डॉक्टर सायकलवरून येत. देशावरचे होते, ठेंगणे, भरभर बोलणारे. पगार न घेता ते आम्हाला त्यांच्या वैद्यकातलं थोडंफार शिकवत. त्यांच्याकडे काचेच्या पट्ट्या असत, एक सूक्ष्मदर्शक असे. त्यातून त्यांनी आम्हाला हिवतापाचे जंतू दाखवले त्या दिवशी आम्ही जेवताना कुणीच बोललो नव्हतो. त्यांचं एक पालुपद होतं. "मी पाहिल्याशिवाय बोलत नाही." शास्त्रीबुवांना ते टोचायचं. दोघांचा वाद व्हायचा, पण तो ऐकायला आम्ही जागा धरून बसायचो, कारण वाद संपला की दोघं एकाच ओट्यावर बसून सुपारी खात.

एका गुरुवारी हाडांवरून निघालं. पोथीतली संख्या आणि डॉक्टरांच्या पुस्तकातली संख्या जुळेना. डॉक्टर हसून म्हणाले, "शास्त्रीबुवा, भांडायचं कशाला? माझ्या शवघरात या. एक माणूस उघडू आणि मोजू."

शास्त्रीबुवांनी पोथी मिटली. मग म्हणाले, "आमच्या जुन्या शास्त्रात त्याची रीत सांगितली आहे. सुरी न लावता. प्रेत गवतात आणि सालींत गुंडाळायचं, पिंजऱ्यात घालायचं आणि वाहत्या पाण्यात आडोशाला ठेवायचं. ठराविक रात्री गेल्या की वाळ्याच्या कुंच्यानं हळूहळू घासत एकेक थर पाहायचा. त्वचेपासून आत. शेकडो वर्षांत आमच्यापैकी कुणी हे केलेलं नाही. तुम्ही प्रेत द्या. एकदा आमच्या रीतीनं पाहू द्या."

डॉक्टर आधी हसले. शास्त्रीबुवा हसले नाहीत, तेव्हा तेही थांबले.

परवानगी कशी मिळाली ते आम्हा विद्यार्थ्यांना कळलं नाही. पण अश्विन लागता लागता निरोप आला. ते दिवस हिवतापाचे होते. ज्वारी निसवून कणसं धरली होती, कपाशीला पिवळी फुलं होती, काठाकाठानं कासाचं गवत पांढरं झालं होतं, आणि घराघरात कुणीतरी वाकळ पांघरून कुडकुडत होतं. दवाखान्यात खाटा भरून रोगी ओसरीत, जमिनीवर निजले होते. त्यांच्यातून वाट काढत आम्ही शवघरात गेलो.

तो तिशीच्या आतबाहेरचा असावा. एका गाडीवानानं त्याला रस्त्यात पडलेला पाहून आणून टाकलं होतं. शुद्ध नव्हती, हातपाय गार. नाव विचारलं तर ओठ नुसते हलायचे. दुसऱ्या दिवशी गेला. वाट पाहिली, कुणी आलं नाही.

"कशानं गेला?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"या दिवसांत दुसरं काय? हिवताप मेंदूत चढला असणार," डॉक्टर म्हणाले. दोन रात्री ते झोपले नव्हते, डोळे लाल होते. बाहेरून कुणीतरी त्यांना हाका मारत होतं.

शास्त्रात प्रेताच्या अटी आहेत. अंग पुरं हवं. फार म्हातारं नको, लांबच्या दुखण्यानं झिजलेलं नको, विषानं गेलेलं नको. शास्त्रीबुवांनी नखं पाहिली, ओठ पाहिले, जीभ पाहिली. मग हात जोडून म्हणाले, "चालेल."

गवतात गुंडाळायचं काम आमच्याकडे होतं. माझ्या वाट्याला डावा हात आला. राबणाऱ्याचा हात होता, तळव्याला घट्टे, नखांत काळी माती. करंगळी अर्धीच होती. विळ्यानं गेली असेल, आणि ते जुनं होतं, कारण टोक गुळगुळीत झालं होतं. मी तो हात छातीवर ठेवला आणि वरून अंबाडीची साल गुंडाळली. इतकी वर्षं झाली, हजारो हात हातात घेतले. पण अजून कुणी डावा हात पुढे केला की माझी नजर आधी करंगळीवर जाते.

पेढी नदी गावापासून दूर एक वळण घेते. मसणवट्याच्याही खाली, जिथं कुणी पाणी भरत नव्हतं, जनावर पाजत नव्हतं, तिथं जांभळीच्या गर्द सावलीत आम्ही तो बांबूचा पिंजरा उतरवला आणि मुळांना बांधला. कुत्री-कोल्ही येऊ नयेत म्हणून पाळीपाळीनं राखण ठरली. माझी पाळी दुपारची. जोडीला दर्यापूरकडचा एक वर्गबंधू असायचा.

त्या दुपारी मला आठवतं ते पाण्याचं हिरवेपण. वर ऊन कडक, खाली सावली गार. पिंजऱ्याच्या वरच्या कांबीवर एक निळा किडा बसायचा, उडायचा, पुन्हा येऊन बसायचा. आम्ही दोघं अध्याय घोकत असू. घोकता घोकता थांबत असू. पाण्याखाली माणूस आहे, आणि तो आपल्याला शिकवण्यासाठी हळूहळू सुटतो आहे, ही गोष्ट पहिले एक-दोन दिवस मोठी पवित्र वाटली. मग वास सुरू झाला. अगदी अंबाडीसारखा. तेव्हापासून मी भाकरी खोलीवरच खाऊन यायला लागलो.

मुदत भरत आली होती. दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा कुंचा घेऊन येणार होते. दुपार कलताना काठावरून एक बाई आली. लुगडं गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं, हातात पायताण, खांद्याला भाकरीचं फडकं. वरच्या अंगाला तिनं पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं, मग आमच्याकडे पाहून विचारलं, "अंबाडी घातली का जी?"

"नाई," मी म्हणालो.

"वास तर तोच हाये." ती जरा जवळ आली. "भाऊ, वैद्याची शाळा इथीसाच हाये का?"

"शाळा गावात हाये. काऊन?"

"माणूस हुडकून राहिली मी माहा. भावाभावात वाद झाला अन् त्या तिरमिरीत घरातून निघून गेला. चांदूर बाजारापासून पुसत पुसत आली. मोठ्या दवाखान्यात झाडूवाली म्हने, तसा एक आल्ता, त्याले वैद्याच्या शाळेनं नेलं. पेढीवर नेलं म्हने." तिनं पदरानं गळा पुसला. चेहरा थकलेला होता, पण त्याच्यावर उजेड होता. "मले बरं वाटलं, दवाखान्यात नाई सुधरला तर वैद्यानं औषधाले नेला असन. त्याची वळख म्हंजे, डाव्या हाताची करंगळी..."

"अर्धी," माझ्या तोंडून निघून गेलं.

"हो!" ती हसली. खरंच हसली. "पाह्यलं तुमी त्याले? कसा हाये जी? उठून बसते का?"

माझा जोडीदार उठून उभा राहिला. मी पाण्याकडे पाहिलं. पाहायचं नव्हतं मला. तिची नजर माझ्या नजरेमागून गेली. जांभळीच्या मुळांना बांधलेले दोर, पाण्यातले बांबू, त्यांच्या आतली ती लांबट गुंडाळी. तिच्या हातातलं पायताण खाली पडलं.

मग ती सरळ पाण्यात उतरली. गुडघ्यापर्यंत. पिंजऱ्याच्या कांबीवर तिनं हात ठेवला, आपण झोपलेल्या माणसाच्या खाटेवर ठेवतो तसा.

"काऊन ठेवला असा पान्यात?"

"शिकाले," मी म्हणालो. याहून वेगळा शब्द माझ्याजवळ नव्हता.

जोडीदार गावात धावत गेला. तो परत येईपर्यंत मी काठावर आणि ती पाण्यात. तिनं आपलं नाव सांगितलं, सुभद्रा. त्याचं किसन. माळ्याचं घर, भाजीपाल्याची बागाईत, थोरल्या दिराच्या हाताखाली. हे सगळं ती पाण्याकडे पाहून सांगत होती, जणू मला नाही, त्यालाच त्याची ओळख देत होती. रडली नाही. त्यानं मला जास्त भीती वाटली.

शास्त्रीबुवा आणि पानसे डॉक्टर एकाच टांग्यातून आले. शास्त्रीबुवा काठावर तिच्यासमोर खाली मातीत बसले. "माय," ते म्हणाले, "तुझा माणूस बेवारस म्हणून आम्हाला मिळाला. आम्ही त्याची विटंबना केली नाही. पण तो तुझा आहे. तू म्हणशील तसं करू. आत्ता बाहेर काढू, अग्नी देऊ."

"थांबा," ती म्हणाली. "तुमी त्याले आतून पाहनार व्हते ना? मंग पाहा."

कुणाला काही कळेना.

"घरची म्हनतात, म्याच त्याले काई खाऊ घातलं, म्हनून तो असा निघून गेला. दीर म्हने, त्याले जित्ता आन, नाई तं लाश तरी आन, त्याबिगर गावात पाय ठेवू नको. तुमी शिकले-सवरले लोक. उघडून पाहा अन् मले सांगा, तो कशानं मेला. मले समजलं पायजे."

शास्त्रीबुवांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी हॅट काढली. "बाई, आता नाही समजणार. इतके दिवस पाण्यात... आत ओळखण्यासारखं राहिलेलं नाही."

"पह्यल्या दिवशी पाह्यलं असतं तर?"

"तर कदाचित."

"मंग काऊन नाई पाह्यलं?"

डॉक्टर हातातल्या हॅटकडे पाहू लागले. त्या ओसरीतले रोगी, त्या हाका, ते लाल डोळे मला माहीत होते, त्यांनी ते सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांनी सांगितलं नाही. शास्त्रीबुवाही खाली पाहत राहिले. एका वैद्यकानं घाईत अंदाज केला होता, दुसऱ्यानं नखं-जीभ पाहून मान हलवली होती, आणि मग उरलंसुरलं उत्तर आम्ही सगळ्यांनी मिळून, मोठ्या श्रद्धेनं, पाण्यात सोडून दिलं होतं.

सूर्य बुडायच्या आत आम्ही पिंजरा काढला आणि वरच्या मसणवट्यात किसनला अग्नी दिला. शास्त्रीबुवांनी स्वतः दिला. ब्राह्मणानं माळ्याला अग्नी दिल्याची गावात पुढे चर्चा झाली. ती ज्वाळेकडे पाहत नव्हती. आम्हा विद्यार्थ्यांच्या तोंडांकडे एकेक करून पाहत होती, जणू त्याच्यापासून आम्ही काही शिकलो का ते शोधत होती.

दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांनी मला बरोबर घेतलं. "तू तिच्या बाजूची बोली बोलतोस, चल." पानसे डॉक्टर सुट्टी काढून आले. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. सुभद्रा छकड्यात पाठमोरी बसली होती. दोन्ही बाजूंना तूर वाढलेली, मध्ये मध्ये संत्र्यांच्या बागा, हिरवी फळं पानांत लपलेली. इतकी सुंदर वाट मला नंतर कधी भेटली नाही, आणि त्या वाटेनं मी नंतर कधी गेलोही नाही.

मारुतीच्या पारावर माणसं जमली. थोरला दीर धिप्पाड होता, पण त्याचा आवाज फुटत होता. भाऊ गेलेला माणूस होता तोही. "हिनंच काई तरी घातलं त्याच्या पोटात," तो म्हणाला. "सकायी चांगला व्हता. घरातून चालत गेल्ता. चांगला माणूस असा रस्त्यात कसा मरते, तुमीच सांगा."

सुभद्रा पाराच्या खाली उभी होती. डोक्यावर पदर. हात कमरेशी घट्ट धरलेले.

शास्त्रीबुवा उठले. अध्याय सांगताना ते डोळे मिटत, त्या दिवशी उघडे ठेवले. "मी याच्या शरीराचं परीक्षण केलं," ते म्हणाले. खर्जातला तो आवाज पारावरून थेट घरांपर्यंत गेला. "आतून पाहिलं. डाव्या कुशीतली पानथरी सुजली होती, यकृत सुजलं होतं. हिवतापाचं ते लक्षण आहे. तो ताप डोक्यात चढला की चालता माणूस पडतो. विषाचा मागमूस नव्हता."

मी खाली मान घातली. आम्ही आतून काहीच पाहिलं नव्हतं. कुंच्याला पाणीसुद्धा लागलं नव्हतं.

म्हाताऱ्यांपैकी एकजण डॉक्टरांकडे वळला. हॅटवाला माणूस, सरकारी माणूस. "साहेब, हे वैद्य हाये. तुमी सांगा. खरं हाये का हे?"

पानसे डॉक्टरांनी हॅट या हातातून त्या हातात घेतली. मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही, म्हणून त्यांच्या बुटांकडे पाहत होतो. बूट चिखलानं माखले होते.

"हो," ते म्हणाले. "हिवताप."

दीर पारावरच बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. बायका पुढे आल्या, त्यांनी सुभद्राला धरलं. तेव्हा तिचा बांध फुटला. ती इतक्या मोठ्यानं ओरडली की वडावरचे बगळे उडाले. लोकांना वाटलं, सुटली बिचारी. मलाही तेच वाटलं.

परत येताना अंधारून यायला लागलं होतं. बैलांच्या गळ्यातले घुंगरू वाजत होते. मग डॉक्टर म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्ही काय पाहिलंत?"

"बाई पाहिली," शास्त्रीबुवा म्हणाले.

त्यापुढे त्या विषयावर ते दोघं माझ्यादेखत कधी बोलले नाहीत. डॉक्टर गुरुवारी येत राहिले, पण त्यांचं ते पालुपद आम्ही पुन्हा ऐकलं नाही. शिकवताना मध्येच थांबून "असं पुस्तकात आहे" म्हणायला लागले होते. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. शास्त्रीबुवा शरीराचा अध्याय आला की पोथी मिटत आणि मुलांना शवघरात पाठवत. मुलं जात. मी दारापर्यंत जाऊन परत येई. शास्त्रीबुवा गेले ते इंग्रज जायच्या आदल्या साली, हिवतापानंच. शेवटच्या ग्लानीत ते मोठ्यानं अध्याय म्हणत होते असं त्यांच्या मुलानं मला सांगितलं. कुठला अध्याय ते मी विचारलं नाही.

मी अकोल्यात दवाखाना काढला. संसार झाला, मुलं झाली. हिवताप ओसरला, राज्यं बदलली. वऱ्हाड मध्यप्रांतातून निघून मुंबईला जोडला गेला. माझी नाडीपरीक्षा चांगली आहे असं लोक म्हणू लागले. पण कुणी मेलेल्या माणसाबद्दल "कशानं गेला हो?" असं सहज विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी माझ्या तळपायांना गार पाणी लागल्यासारखं वाटे. कुणाच्या मनाच्या समाधानासाठी, कुणाच्या घराच्या शांततेसाठी मीही पुष्कळदा एखादा शब्द ठामपणे बोललो आहे. कुठला वैद्य बोलत नाही? कुठला डॉक्टर? तो दिलासा खोटा आहे असं त्या क्षणी वाटतसुद्धा नाही.

एका उन्हाळ्यात, सकाळची गर्दी होती. एक बाई आपला नंबर येऊनही मागे बसून राहिली, सगळ्यांना पुढे जाऊ देत. शेवटी दोन-तीनच रोगी उरले तेव्हा उठून समोर आली. केस पांढरे झाले होते, पण मी तिला लगेच ओळखलं.

"अकोटले असते मी आता," सुभद्रा म्हणाली. "मामाच्या इथं. भाजी इकते. तुमचं नाव बाजारात आयकलं."

"बसा," मी म्हणालो. "काय होते?"

"होत काई नाई." तिनं कमरेची पिशवी सोडली, त्यातून तपकिरीची जुनी डबी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "हे काय हाये, तेवढं सांगा."

डबीत एक वाळलेलं मूळ होतं. किड्यांनी कोरलेलं, टोकाशी उगाळून झिजलेलं. पण आकार शाबूत होता. नांगराच्या फाळासारखं मध्येच वाकलेलं. ते ओळखायला नाडी लागत नाही, पोथी लागत नाही. पावसाळ्यात कुंपणावर त्याचा वेल चढतो आणि आगीच्या जिभांसारखी फुलं येतात. कळलावी. अडलेल्या बाळंतिणीच्या तळपायाला सुईणी त्याचा लेप लावत. पोटात मात्र कुणी देत नाही.

"कोणी देल्लं हे?"

"बाजारात जडीबुटी घेऊन बसे एक. म्हने, दुधात उगाळून माणसाले दे, कूस उजवन." तिचा आवाज सपाट होता. "ज्या सकायी तो गेला, त्या सकायी देल्लं व्हतं म्या. म्हनून मी म्हनत व्हती, उघडून पाहा. तुमी समदे म्हनत व्हते ताप, ताप. शास्त्रीबुवानं सांगतलं तवा म्या इस्वास ठेवला. लय वर्सं ठेवला. पन आंग टाकलं की मनात येते, त्यायनं कुठं पाह्यलं? मी तं तिथंच व्हती."

मला पारावरचे बगळे आठवले. ती ओरडली होती ते सुटली म्हणून नव्हे.

"इख हाये का हे?"

समोर दोन वाटा होत्या, आणि त्यातली एक दोन मोठ्या माणसांनी माझ्याआधी चालून दाखवलेली होती. मी त्यांना आजही दोष देत नाही. त्यांनी तिचा जीव वाचवला. पण ते बोलले होते ते गावाशी. तिच्या प्रश्नाला, पाण्यात उभं राहून तिनं विचारलेल्या त्या एका प्रश्नाला, आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "इख हाये. थोडं गेलं तर माणूस निभावते. जास्त गेलं तर नाई. त्याच्या पोटात किती गेलं, अन् वरून ताप व्हता का नाई, हे मात्र आता कोणालेच सांगता येनार नाई. मलेई नाई."

ती ऐकत होती. चेहऱ्यावर काही हललं नाही, फक्त खांदे खाली आले. डोक्यावरची पाटी कुणी उतरवून घ्यावी तसे. की नवी पाटी डोक्यावर ठेवल्यावर येतात तसे? मला ते ओळखता आलं नाही.

"इथंच राहू द्या ते," मी डबीकडे हात केला. "जाळून टाकतो."

"नाई." तिनं डबी उचलली, झाकण दाबून बसवलं. "माहं हाये ते." पिशवीचा बंद तिनं नीट आवळला, कमरेला खोचला आणि उठली. दारापाशी गेल्यावर तिनं चप्पल पायात घातली, मागे वळली नाही. बाहेर ऊन तापलं होतं. अकोटच्या मोटारीची वेळ झाली असावी.

मला उठून तिच्यामागे जायचं होतं. पण पुढचा रोगी बाकावर येऊन बसला होता आणि त्यानं हात पुढे केला होता. मी त्याच्या मनगटावर बोटं ठेवली. बराच वेळ नाडी सापडेना. बोटांच्या टोकांत माझेच ठोके पडत होते.